पाळी, लिलाव आणि पॉइंट : मर्यादित जागेच्या वाटपाचा एक ऐतिहासिक विचार

(१)

जागा थोडी आणि मागणारे फार, अशी स्थिती निर्माण झाली म्हणजे जागा कोणी, केव्हा व कोणत्या क्रमाने घ्यावी हा प्रश्न प्रत्येक समाजाला सोडवावा लागतो. हा प्रश्न आज सुटीच्या निवासांसंबंधी विशेष तीव्रतेने विचारला जातो. 'टाइमशेअर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेचा सभासद एकरकमी अथवा हप्त्यांनी मोठी रक्कम भरतो. त्या मोबदल्यात पुढील अनेक वर्षे दरसाल काही रात्री, किंवा तितक्या रात्रींचे मोल दर्शविणारे काही 'पॉइंट', त्याच्या नावे जमा होतात. परंतु मे महिन्यात महाबळेश्वरी अथवा दिवाळीत गोव्यात खोली मागावयास गेल्यावर ती शिल्लक नसल्याचे उत्तर त्यास वारंवार मिळते. हक्क कायम आहे, पॉइंटही खाती आहेत, मात्र हवी ती खोली हव्या त्या वेळी नाही. या अनुभवाकडे केवळ व्यापारी तक्रार म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो वाटपाच्या एका जुन्या प्रश्नाचा नवा अवतार होय, आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्याची अनेक उत्तरे नमूद आहेत. त्यांचा तुलनात्मक परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२)

आरंभी पुण्याच्या मंडईचे उदाहरण घेऊ. शहराचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढील पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने त्यासाठी बांधलेली दगडी इमारत १८८६ साली खुली झाली व मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ती 'रे मार्केट' म्हणून ओळखली जाऊ लागली. या इमारतीवरील खर्चास जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना विरोध केला होता, आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला 'महात्मा फुले मंडई' हे नाव मिळाले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. उघड्या पटांगणात जागेची सीमा लवचिक असते. एक टोपली अधिक आली तर रांग थोडी लांबते. छताखाली आखलेल्या गाळ्यांची संख्या मात्र ठरलेली असते. इमारत उभी राहताच दारालगतचा गाळा आणि आतील कोपऱ्यातील गाळा असा भेद उत्पन्न होतो आणि चांगली जागा कोणास, हा प्रश्न कायमचा होऊन बसतो.

मंडईत या प्रश्नाची उकल दोन पायऱ्यांनी होते. गाळा विशिष्ट व्यक्तीच्या नावे असतो. त्याविषयीची स्पर्धा तो मिळवितानाच संपते, रोज सकाळी ती नव्याने होत नाही. उरलेली स्पर्धा मालासंबंधी असते आणि तिचा निकाल भाव लावतो. हंगामाच्या प्रारंभी हापूस महाग असतो. आवक वाढली की तो उतरतो. ज्यास फार निकड आहे तो अधिक दाम मोजतो, ज्यास नाही तो पंधरा दिवस थांबतो. ही व्यवस्था न्याय्यच असते असे नव्हे, कारण ज्याची पिशवी रिकामी त्याची निकड भावास कळत नाही. तथापि तिच्यात फसगतीस जागा थोडी आहे. आंबा डोळ्यांपुढे आहे, भाव तोंडावर सांगितला जातो आणि व्यवहार तेथेच पुरा होतो. शिवाय मे महिन्यात आंब्याची आवक वाढू शकते. डोंगरावरील खोल्यांची संख्या मात्र वाढत नाही. हा फरक पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवा.

(३)

काळाचे भाग पाडून एकच वस्तू अनेकांनी भोगावी ही कल्पना परदेशातून आलेली नाही. आपल्याकडे तिला 'पाळी' असा नेमका शब्द आहे. पाटीलकी-कुलकर्णीसारखी वतने भाऊबंदांत विभागली गेली म्हणजे हक्काचा भाग प्रत्येकाकडे राही, पण कामगिरी एका वेळी एकालाच करता येई. म्हणून ती पाळीपाळीने चाले. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकारविषयक कायद्याने अशा पाळीचा क्रम नोंदवून घेण्याची व्यवस्था केली. पाळी उशिरा येईल, पण ती येईल, आणि कोणाच्या मागून येईल हेही ठाऊक असेल, हे या पद्धतीचे मर्म होय.

पाण्याच्या वाटपात हेच तत्त्व अधिक सूक्ष्मपणे योजलेले आढळते. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील बंधाऱ्यांखाली शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती प्रसिद्ध आहे. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार फड पाडावयाचे, प्रत्येक फडात एका वेळी एकच पीक घ्यावयाचे आणि पिके फडाफडांतून फिरवावयाची, अशी ही रचना. साधारणतः शेतकऱ्याच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असत. त्यामुळे पाणी तुटीचे असता एखादा फड पडीक ठेवावा लागला, तरी ती झळ सर्वांना सारखी लागे. पाणी सोडण्याचे काम पाटकरी करी. मालकाने आपल्या हाताने चारी फोडावयाची नाही असा दंडक असे. टंचाई येणार हे गृहीत धरून तिची वाटणी आधीच ठरविलेली होती, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य.

पंढरपूरच्या मंदिरातील व्यवस्था याहून निराळी. तेथे बडवे मंडळींत देवापुढील उत्पन्नाचा हक्क लिलावाने दिला जात असे. प्रत्येक दिवसाचे उत्पन्न सारखे नसते. वारीच्या दिवसांचे मोल आणि एखाद्या सामान्य दिवसाचे मोल यांत महदंतर. हे अंतर लिलाव उघड करतो व ज्याची बोली मोठी त्याच्या हाती दिवस देतो. पण मोठी बोली लावणारा ती रक्कम भाविकांकडून वसूल करू पाहणार, हा दोषही त्याबरोबर येतो. मंदिराच्या कारभारासंबंधीच्या दीर्घकालीन असंतोषाची परिणती १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमात झाली आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बडवे व उत्पात यांच्या वंशपरंपरागत हक्कांवर शेवटचा पडदा पडला.

प्रवाशांच्या निवासाचा विचार करता आणखी एक नियम स्मरणीय आहे. ब्रिटिश अमदानीतील डाक बंगल्यात आगाऊ हक्क सहसा मानला जात नसे. येईल त्याने उतरावे. मात्र चोवीस तास झाल्यावर नवा प्रवासी आला तर आधीच्याने जागा मोकळी करून द्यावी, असा तेथील नियम होता. येथे वाटप गरजेच्या ताजेपणावर अवलंबून होते. प्रवासासाठी असा नियम पुरेसा असेल. सहकुटुंब आठवडाभर मुक्काम करू इच्छिणाऱ्यास तो निरुपयोगी होय.

(४)

आता टाइमशेअरच्या उगमाकडे वळू. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली स्थापन झालेल्या 'हापिमाग' या संस्थेने भागधारकांना दरसाल पॉइंट देऊन त्यांच्या आधारे निरनिराळ्या ठिकाणी राहण्याची सोय केली. त्याच दशकात फ्रान्समध्ये आल्प्स पर्वतातील सुपरदेव्होल्यू येथे खोली भाड्याने घेण्याऐवजी तिचा कालांश विकत घेण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेत १९७४ साली 'आरसीआय' ही अदलाबदलीची संस्था निघाली. एका सभासदाने आपला आठवडा जमा करावा व दुसऱ्याचा घ्यावा, हे तिचे कार्य. डिस्ने कंपनीची पॉइंटवर आधारलेली योजना १९९१ ची. भारतात 'स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स' १९८६ साली आणि 'महिंद्र हॉलिडेज' १९९६ साली या क्षेत्रात आल्या. पैकी दुसरीच्या पंचवीस वर्षांच्या सभासदत्वात वर्षाचे जांभळा, लाल, पांढरा व निळा असे चार हंगाम कल्पून सर्वाधिक मागणीच्या दिवसांस जांभळा रंग दिलेला आढळतो.

या इतिहासात तीन अवस्था स्पष्ट दिसतात. पहिली ठरलेल्या आठवड्याची : अमुक खोली, अमुक आठवडा, अमुक मालक. येथे मे महिन्याचा आठवडा प्रारंभीच महाग विकला जाई. तो न परवडणारा सभासद निराश होई, पण ती निराशा पैसे भरण्यापूर्वीची असे. दुसरी अवस्था तरत्या आठवड्याची : हंगाम ठरलेला, आठवडा दरसाल मागून घ्यावयाचा. तिसरी पॉइंटची : ठिकाण, खोलीचा आकार, हंगाम आणि रात्रींची संख्या हे सारेच खुले. प्रत्येक अवस्थेत सभासदाचे स्वातंत्र्य वाढले असे जाहिरात सांगते, व ते असत्य नाही. मात्र स्पर्धा नाहीशी झाली नाही. ती विक्रीच्या क्षणापासून हलून आरक्षणाच्या क्षणावर आली. मंडईतील गाळ्याची स्पर्धा एकदाच होऊन संपते. पॉइंटधारकास ती दरसाल नव्याने करावी लागते, तीही सर्व मूल्य आधी भरून झाल्यावर.

(५)

हा मुद्दा एका कल्पित हिशेबाने स्पष्ट करता येईल. समजा, एका निवासात १०० खोल्या आहेत. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी एक दुरुस्तीसाठी वगळता ५,१०० खोली-आठवडे उरतात आणि तितकेच हक्क विकले गेले आहेत. म्हणजे विक्रेत्याने क्षमतेपेक्षा एकही हक्क अधिक विकलेला नाही. आता शाळांच्या सुट्या पाहू. उन्हाळ्याचे सहा, दिवाळीचे दोन व नाताळाचा एक असे नऊ आठवडे धरले तर उपलब्ध खोली-आठवडे ९००. सभासदांपैकी निम्म्यांची मुले शाळेत जातात असे मानले तर २,५५० कुटुंबांस हेच नऊ आठवडे हवेत. अर्थात एका वर्षी तिघांतील सुमारे एकासच जागा मिळणार. यात कोणाची लबाडी असावयास हवीच असे नाही. पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक पुरेसे आहे.

या २,५५० कुटुंबांत पाळी लावली असती तर पंचवीस वर्षांत प्रत्येकास आठ-नऊ वेळा सुटीचा आठवडा लाभला असता. जो आधी मागेल त्यास, या नियमाने मात्र एखाद्यास तो दरसाल मिळेल व दुसऱ्यास एकदाही नाही. आरक्षणाची खिडकी कित्येक महिने आधी उघडते. ज्याची रजा आधी ठरते, ज्यास नियमांचे बारकावे मुखोद्गत आहेत, ज्यास त्या क्षणी हाताशी फुरसत आहे, तो पुढे जातो. रुग्णालयातील परिचारिका, पाळीवर काम करणारा कामगार, रजेसाठी वरिष्ठांच्या होकाराची वाट पाहणारा कारकून हे मागे राहतात. या सर्वांनी रक्कम सारखीच भरलेली असते.

अधिक मागणीच्या रात्रींना अधिक पॉइंट लावणे हा यावरील नेहमीचा उपाय. तो लिलावाच्या जवळ जाणारा, पण अर्धवट आहे. मंडईतील भाव घटकेघटकेस बदलतो. पॉइंटचा तक्ता छापील असतो. तक्त्यातील मोल खऱ्या मागणीहून कमी राहिले की उरलेला निवाडा भावाऐवजी रांग करते. त्यात आणखी दोन कारणे भर घालतात. न वापरलेले पॉइंट पुढील वर्षी नेण्याची मुभा असली म्हणजे यंदाचा वंचित सभासद पुढील वर्षी दुप्पट बळाने त्याच नऊ आठवड्यांवर येतो. पॉइंट साठविता येतात, गेलेल्या मे महिन्यातील रात्री मात्र साठविता येत नाहीत. तसेच आठवडा तोडून दोन-दोन रात्री घेता येऊ लागल्या की सर्वांचा ओढा शुक्रवार-शनिवारकडे जातो आणि मधले दिवस रिते राहतात. वर्षाच्या एकूण हिशेबात खोल्या शिल्लक दिसतात आणि सभासदास त्या मिळत नाहीत, या वरकरणी विसंगत वाटणाऱ्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात त्या यामुळे.

(६)

उपरोक्त तुलनेवरून काही निष्कर्ष काढता येतील. पाळी समता देते पण निवड देत नाही. लिलाव निवड देतो पण ती धनवंतास. पॉइंट दोन्ही देऊ करतात आणि टंचाईच्या वेळी दोन्हींची शाश्वती देऊ शकत नाहीत. तेव्हा पॉइंटची पद्धत टाकाऊ आहे, असे येथे प्रतिपादन नाही. ज्यांस भर पावसाळ्यात वा आडदिवशी सवड असते, अशा निवृत्त दांपत्यांस ती उत्तम लाभते. नऊ आठवड्यांपुरती पाळी आणि उर्वरित वर्षास मुक्त निवड, असा मेळही अशक्य नाही. अनेक बँका व सरकारी उपक्रम आपल्या कर्मचाऱ्यांच्या हॉलिडे होमसाठी गर्दीच्या दिवसांत चिठ्ठ्या टाकतात, किंवा गतवर्षी लाभ न मिळालेल्यास अग्रक्रम देतात. ही पाळीचीच रूपे होत.

याहून महत्त्वाचा प्रश्न माहितीचा आहे. फडातील शेतकऱ्यास एकूण पाणी व एकूण क्षेत्र ठाऊक असे. वतनदारास भाऊबंदांची संख्या व क्रम ठाऊक असे. टाइमशेअरच्या सभासदास आपल्या हंगामाच्या हक्काचे धनी किती आणि त्या हंगामातील रात्री किती, हे प्रमाण सहसा कळत नाही. विक्रेत्यास मात्र ते कळते. युरोपीय संघाने १९९४ व २००८ च्या निर्देशांनी खरेदीदारास आवश्यक माहिती देणे आणि ठरावीक दिवसांत करार रद्द करण्याची मुभा देणे बंधनकारक केले. दुसऱ्या निर्देशाने ही मुदत चौदा दिवसांची आहे. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात 'अनुचित करार' ही संज्ञा आली असून तशी कलमे रद्दबातल ठरविण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांस आहे. परंतु करारात अनुचित कलम एकही नसताना केवळ प्रमाण अज्ञात असल्यामुळे हक्क पोकळ ठरू शकतो, हे वरील हिशेबाने दाखविले आहे. न्यायालयीन दाद करार मोडल्यानंतरची. प्रमाण कळणे ही त्याच्या आधीची गरज होय.

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. मुलांच्या शालेय वयाची वर्षे दहा-बाराच असतात. त्या काळात सर्वांनी एकत्र घालविण्याचे आठवडे मोजकेच. पंचवीस वर्षांच्या हक्कातील हीच वर्षे निसटली तर उरलेल्या वर्षांत मिळणाऱ्या रात्रींनी त्यांची भरपाई होत नाही. म्हणून 'किती रात्रींचा हक्क' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणत्या रात्रींसाठी, किती जणांमध्ये' हा खरा प्रश्न. आपल्या पूर्वसूरींनी पाणी, वतन आणि देवसेवा यांच्या वाटपात तो आरंभीच विचारला होता. त्यांची उत्तरे सदोष होती व काही तर अन्याय्यही होती. परंतु टंचाई असताना ती नाही असे त्यांनी कोणास सांगितले नाही.