मासिकाचे वर्गणीदार : नोंदणी, नूतनीकरण आणि पत्ताबदल

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचे मराठी ख्रिस्ती नियतकालिकांशी जुने नाते आहे. अमेरिकन मराठी मिशनने जून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ नगर येथे सुरू केले. पुढे १९०३ साली राहुरी तालुक्यातील केंदळ येथे येशूसंघीय धर्मगुरू फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे कॅथोलिक मासिक सुरू केले. फादर डोरिंग १९०७ साली पुण्याचे बिशप झाले. २००३ साली ‘निरोप्या’च्या आरंभाला शंभर वर्षे पूर्ण झाली.

अशा मासिकांना मोठ्या जाहिराती मिळत नाहीत. त्यांचा मुख्य आधार वर्गणीदार हाच असतो. म्हणूनच वर्गणीदारांची यादी बिनचूक राहणे हे जितके व्यवस्थापकाचे, तितकेच वाचकाचेही काम आहे.

नोंदणी

भारतीय टपाल खात्याने १८७९ साली पोस्टकार्ड आणि १८८० साली मनीऑर्डर सुरू केली. या दोन सोयींमुळे खेड्यातील वाचकालाही वर्गणीदार होणे शक्य झाले. मनीऑर्डरच्या कूपनवर नाव, पत्ता आणि ‘नवीन वर्गणी’ किंवा ‘जुनी वर्गणी’ एवढे लिहिले की काम भागत असे. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. आज रक्कम बँकेतून किंवा मोबाइलवरून क्षणात जमा होते; मात्र तिच्यासोबत कूपन जात नाही. रक्कम पोहोचते, पण ती कोणाची, हे कार्यालयाला कळत नाही. म्हणून पैसे भरताच पूर्ण नाव, पत्ता, रक्कम, भरणा केल्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक वेगळ्या संदेशाने कळवावा.

नूतनीकरण

वेष्टनावरील चिठ्ठीत वर्गणीदार क्रमांक, आणि पुष्कळदा वर्गणी संपण्याचा महिनाही, छापलेला असतो. ही चिठ्ठी जपून ठेवावी. वर्गणी संपण्यापूर्वी एक महिना आधी रक्कम पाठवावी व जुना क्रमांक अवश्य लिहावा. तो न लिहिल्यास एकाच घराची दोनदा नोंद होण्याचा संभव असतो.

पत्ताबदल

सर्वाधिक अंक येथेच हरवतात. शिक्षकाची बदली होते, मुलगी लग्न होऊन सासरी जाते, ऊसतोडणीसाठी कुटुंब काही महिने परगावी राहते. अंक मात्र जुन्याच दारी येत राहतो. जुना व नवा असे दोन्ही पत्ते एकाच पत्रात कळवावेत. तात्पुरते स्थलांतर असल्यास धर्मग्रामाच्या किंवा विश्वासू नातलगाच्या पत्त्यावर अंक मागवणे सोयीचे ठरते.

पिनकोड कधीही गाळू नये. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या प्रयत्नाने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावे असल्याने तिची गरज भासली. आपल्या जिल्ह्यात श्रीरामपूरचा पिनकोड ४१३७०९, तर संगमनेरचा ४२२६०५ आहे. जिल्हा एक असला तरी आरंभीचे आकडे निराळे आहेत, हे ध्यानात घ्यावे. जिल्ह्याचे नाव बदलले तरी पिनकोड अचूक असल्यास अंक योग्य टपाल कार्यालयात पोहोचतो.

अंक न मिळाल्यास

नोंदणीकृत नियतकालिके सवलतीच्या दराने, ठरलेल्या दिवशी एकत्र टपालात पडतात. त्यांची पोच घेतली जात नाही. त्यामुळे अंक गहाळ झाल्याचे वाचकाने कळवल्याशिवाय कार्यालयाला समजत नाही. नेहमीच्या तारखेनंतर थोडे दिवस वाट पाहून प्रथम पोस्टमनकडे चौकशी करावी, मग महिन्याचा उल्लेख करून कार्यालयाला लिहावे. उशीर झाल्यास शिल्लक प्रती संपतात.

वर्गणी थांबवणे

अंक नको असल्यास तसे स्पष्ट कळवावे. घरातील वर्गणीदार प्रभूघरी गेल्यास वारसांनी नाव बदलून घ्यावे किंवा अंक बंद करण्यास सांगावे. न वाचला जाणारा प्रत्येक अंक कागद व टपालखर्च वाया घालवतो. त्याच खर्चात दुसऱ्या एखाद्या घरी अंक जाऊ शकतो.