रंग टिकतो, रेघ जाते

घरातल्या रंगीत काचेच्या तावदानावर धूळ साचली की आपण सरळ साबणाचे पाणी घेतो. काच ती काच, पुसली की झाले! पण स्टेन्ड ग्लासचा इतिहास सांगतो की अशा काचेचे नुकसान धुळीपेक्षा पुसण्यानेच अधिक झाले आहे.

या काचेत रंग वेगवेगळ्या तऱ्हांनी येतो. कोबाल्टने निळी किंवा तांब्याने लाल होणारी काच वितळलेली असतानाच रंगते. तो रंग पुसून जात नाही. चौदाव्या शतकाच्या सुमारास युरोपात चांदीच्या क्षारांनी काचेला पिवळी छटा देण्याची युक्ती रुळली. तीही काचेत मुरते. मात्र डोळे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या या सगळ्या वरून रंगवलेल्या असतात. लोखंडाचा किंवा तांब्याचा ऑक्साइड आणि काचेची पूड यांचा लेप काढून तो भट्टीत पक्का करतात. म्हणजे चित्राचा जीव पृष्ठभागावर असतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गॉथिक शैलीची लाट आली आणि अशा खिडक्यांची मागणी वाढली. लेप कमी आचेवर वितळावा म्हणून काही कारखान्यांनी त्यात टाकणखार मिसळला. दमट हवेत तो विरघळू लागला आणि काही दशकांतच चेहरे पुसट झाले. याच शतकात मुंबईत अफगाण चर्च (१८५८), राजाबाई टॉवर (१८७८) आणि केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (१८८४) या वास्तू रंगीत काचांनी सजल्या. त्या काळातली एखादी चित्रित काच आपल्या घरी असेल, तर तिची रेघ कच्ची असू शकते असे धरूनच चालावे.

माझ्या घरी दारावर अर्धगोल तावदान आहे. त्यावर मी वर्षातून दोनदा फक्त मऊ, कोरडा कुंचला फिरवतो. त्याआधी टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकून रेघांचे टवके निघत आहेत का, ते पाहतो. रेघ भुरभुरीत दिसली, तर हात न लावता जाणकाराला बोलवावे. ज्या काचेवर चित्र नाही, ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या कापसाने पुसून लगेच कोरडी करावी. अमोनियाचे द्रव, लिंबू, घासणी यांना मज्जाव.

व्हिनेगर तर नकोच. काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या असतात. रंगाऱ्यांचा पांढरा सफेदा पूर्वी शिशाला व्हिनेगरची वाफ देऊनच बनवत. तीच क्रिया आपल्या खिडकीत घडू शकते. पट्टीवर पांढरी भुकटी दिसली तर ती विषारी समजावी. फुंकू नये, मुलांना दूर ठेवावे, हातमोजे घालावेत आणि नंतर हात धुवावेत.

पट्ट्या फुगून तावदान बाहेर आले असेल, तर दाबून सरळ करू नये. काच तडकते. तावदान उचलायचे झालेच, तर उभेच धरावे.

जुन्या काचांचे जतन करणारे तज्ज्ञ आज कमीत कमी हस्तक्षेपाचा आग्रह धरतात. आपणही तोच धरावा. थोडी धूळ राहिली, तर ती पुढच्या पिढीला काढता येईल, पण पुसलेला चेहरा परत येणार नाही.