एका मिनिटाचा उस्ताद

गेल्या वर्षी जवळजवळ अठरा वर्षांनी मी पुन्हा एका शनिवार-रविवारच्या स्पर्धेत खेळलो. खऱ्या पटावर, खऱ्या घड्याळासमोर. दुसऱ्याच फेरीत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी समोर आली. दोन वेण्या, शेजारी पाण्याची बाटली, तिच्यावर कार्टून. डाव माझ्या बाजूचा होता. मी विचार न करता घोडा उचलला, आणि तो हवेत असतानाच लक्षात आलं की हत्ती हलवायला हवा होता. मी घोडा परत ठेवला. मुलगी काही बोलली नाही, फक्त माझ्या हाताकडे बघत राहिली. मग मीच घोडा पुन्हा उचलला आणि जिथे जाता येत होतं तिथे नेऊन ठेवला. पुढच्या पंधरा चालींत हरलो.

घरी आल्यावर भाच्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "मामा, तू रोज रात्री एक-एक मिनिटाचे पंचवीस डाव खेळतोस, दुसरं काय होणार?"

त्याचं चूक नव्हतं. कॉम्प्युटरवर सोंगटी उचलून पुन्हा जागेवर सोडली तरी चालतं. आम्हाला बुद्धिबळ शिकवलं ते अण्णाकाकांनी. त्यांचा एकच कायदा होता, हात लावला की चाल. पण तो कायदा बोटांना शिकवावा लागतो, आणि माझी बोटं तो विसरली होती.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी हिकारू नाकामुराचे जुने डाव काढून बसलो. (स्वतःच्या मूर्खपणावर औषध म्हणून मोठ्या माणसांच्या चुका बघाव्यात, हा माझा जुना उपाय आहे.)

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नाकामुराचा जन्म १९८७ सालचा, जपानमधला. पण वाढला तो अमेरिकेत. सावत्र वडील सुनील वीरमंत्री हे मूळचे श्रीलंकेचे, स्वतः बुद्धिबळाचे नावाजलेले शिक्षक. २००३ साली पंधराव्या वर्षी तो ग्रँडमास्टर झाला आणि बॉबी फिशरचा अमेरिकेतला विक्रम त्याने काही महिन्यांनी मोडला. २००४ च्या अखेरीस, वयाची सतरा पूर्ण व्हायच्या आत, अमेरिकेचं अजिंक्यपदही मिळवलं. पण त्या काळात त्याची खरी दंतकथा दुसरीकडेच तयार होत होती. इंटरनेट चेस क्लब नावाच्या जागी 'स्मॉलविल' या टोपणनावाने तो रात्र-रात्र खेळायचा. तीन मिनिटांचे डाव, एका मिनिटाचे डाव. जगभरचे लोक आपापली कामं सोडून ते बघत बसायचे. आपल्याकडे तेव्हा फोनची तार लावून इंटरनेट यायचं. एक डाव बघायचा म्हणजे घरातल्यांचा फोन अडवून ठेवायचा आणि नंतर बोलणी खायची.

एका मिनिटाच्या डावाचं शास्त्रच वेगळं आहे. तिथे सर्वोत्तम चाल शोधायची नसते, समोरच्याला विचारात पाडणारी चाल शोधायची असते. मी थोडी वाईट चाल केली आणि ती पचवायला तुम्हाला आठ सेकंद लागली, तर ती चाल वाईट कशी म्हणायची? म्हणून सुरुवात विचित्र असलेलीच बरी. वजीर पटावर ठेवायचा, गुंता वाढवायचा. डाव हरलेला असला तरी सोडायचा नाही, कारण समोरच्याचं घड्याळ आधी संपू शकतं. समोरच्याने चाल करायच्या आधीच आपली पुढची चाल नोंदवून ठेवायची, म्हणजे एक दशांश सेकंदही फुकट जात नाही. नाकामुराने या खेळावर ब्रूस हार्परबरोबर २००९ मध्ये चक्क पुस्तकच लिहिलं.

यातून काय कमावलं जातं? नजर. हजारो डावांतून आकृत्या डोळ्यांत बसतात. शिवाय वाईट डाव वाचवण्याची चिवट कला. नाकामुरा आजही बचावात जगातल्या सर्वांत त्रासदायक खेळाडूंपैकी एक आहे, आणि माझ्या मते ती त्या रात्रींचीच कमाई आहे.

आणि गमावलं काय जातं? त्याचं उत्तर २००५ सालच्या एका डावात आहे.

स्वीडन-डेन्मार्कमध्ये तेव्हा सिगेमान नावाची एक प्रतिष्ठित स्पर्धा व्हायची. त्या वर्षी तिथे नाकामुरासमोर होता आपला चेन्नईचा कृष्णन शशिकिरण, अतिशय अभ्यासू आणि कसलेला ग्रँडमास्टर. नाकामुराने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, शशिकिरणनेही तेच केलं. आणि दुसऱ्याच चालीला नाकामुराने वजीर बाहेर काढून पटाच्या कडेला नेऊन ठेवला!

ज्याने लहानपणी सुट्टीत बुद्धिबळ खेळलंय त्याला ही चाल माहीत आहे. चार चालींत मात द्यायची म्हणून आतेभाऊ-मामेभाऊ एकमेकांवर जी करतात तीच ही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी उत्तर शिकवतं आणि मग ती चाल आयुष्यभरासाठी बाद होते. अण्णाकाका तर अशी चाल केली की पट मिटायचे. आणि इथे अमेरिकेचा विजेता एका ग्रँडमास्टरसमोर, संथ डावात, ती खेळत होता. स्मॉलविलला ती घरी चालत होती, मग इथे का नाही?

गंमत अशी की डाव त्या चालीमुळे लगेच कोसळला नाही. शशिकिरणने शांतपणे घोडा काढला, प्यादं सरकवून वजिराला हुसकावलं, आणि मग दोघे तासन् तास झगडले. ऐंशीहून जास्त चाली झाल्या आणि शशिकिरण जिंकला. ती चाल खेळण्यासारखी आहे आणि मला त्यात चांगला डाव मिळाला होता, असं नाकामुरा नंतरही म्हणत राहिला. लोकांनी अर्थातच टिंगल केली, की नेटवरचं पोरगं नेटवरचाच खेळ घेऊन आलं.

मी तेव्हा टिंगल करणाऱ्यांत होतो. आज तो डाव पुन्हा खेळून बघताना वाटलं की आपण जरा घाईच केली. चाल वाईट होतीच, पण खरा दोष चालीत नव्हता. पांढरी सोंगटी म्हणजे पहिल्या चालीचा हक्क, आणि तो हक्क त्याने समोरच्याला दचकवण्यात खर्च केला. एका मिनिटात दचकलेला माणूस सावरत नाही. पण शशिकिरणकडे सावरायला दोन तास होते.

इथे विश्वनाथन आनंदची आठवण होणं साहजिक आहे. तोही वेगासाठीच प्रसिद्ध झाला. समोरचा डोकं धरून बसलाय आणि हा पोरगा चाल करून हॉलमध्ये फेऱ्या मारतोय, अशी वर्णनं आम्ही शाळेत असताना वाचायचो. पण त्या वेगाची किंमत त्यानेही मोजली. १९८८ साली बिएलमध्ये कोलंबियाच्या झापाटाविरुद्ध आनंद फक्त सहा चालींत हरला. आधी छापून आलेल्या एका डावावर विसंबून त्याने न तपासता तीच चाल केली होती. पुढे पाच वेळा जगज्जेता झालेला माणूस सहा चालींत! म्हणजे न थांबण्याचा हा रोग काही इंटरनेटने आणलेला नाही.

नाकामुरा सुधारला का? हो, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. त्याने सुरुवातीच्या चालींचा अभ्यास गांभीर्याने घेतला. दुसऱ्या चालीला वजीर काढणं बंद झालं. २०११ च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या वाइक आन झी गावी त्याने १३ पैकी ९ गुण मिळवून स्पर्धा जिंकली, अर्ध्या गुणाने मागे आनंद, त्याच्यामागे कार्लसन आणि अरोनियन. २०१५ मध्ये त्याचं मानांकन २८१६ पर्यंत पोचलं. जगात फार थोड्यांनी तो आकडा पाहिलाय.

मधेच एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. २००८ साली रिब्का हा त्या काळातला सर्वांत बलाढ्य प्रोग्रॅम होता. नाकामुराने त्याच्याशी तीन मिनिटांच्या डावात सगळी प्यादी एकमेकांत अडकवून पट बंद करून टाकला आणि नुसता इकडे-तिकडे फिरत बसला. आपण पुढे आहोत अशी यंत्राची समजूत, त्यामुळे त्याला बरोबरी नको होती. मग बरोबरी टाळायला त्याने स्वतःच सोंगट्या देऊन टाकल्या. डाव २७१ चाली चालला. शेवटी नाकामुराची प्यादी पार झाली, तेव्हा वजीर करायचा सोडून हा गृहस्थ उंट करत बसला. एकामागून एक उंट! याला शैली म्हणायचं की खोडसाळपणा, तुम्हीच ठरवा.

असो. माझ्या घोड्याकडे परत येतो.

२०१६, मॉस्को. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा. नाकामुरा विरुद्ध अरोनियन, हत्ती-प्याद्यांचा शेवट, अरोनियनची बाजू वर, पण नाकामुराला बरोबरी दिसत होती. चिवट बचाव, म्हणजे त्याचं हक्काचं अंगण. आणि सत्तरीच्या पुढच्या चालीत त्याचा हात राजाला लागला. लागल्याबरोबर त्याला कळलं की राजा हलवला तर संपलं. 'फक्त नीट ठेवतोय' या अर्थाचे नियमातले शब्द तो बोलला, पण स्पर्श झाल्यावर. अरोनियनने आक्षेप घेतला. राजा हलवावा लागला, डाव गेला.

ती चित्रफीत मी त्या रात्री चार-पाच वेळा पाहिली. त्याचा हात माझ्या हातासारखाच दिसला. हा माणूस लहानपणापासून खऱ्या पटावर खेळतोय, तेव्हा एका चुकीचं खापर इंटरनेटवर फोडणं अन्यायाचं होईल, हे मला कळतं. पण ज्या सवयीत मन आणि हात एकदम निघतात, मन पोचेपर्यंत हात थांबत नाही, ती सवय मी ओळखतो.

पुढे तो खऱ्या पटापासून बराच लांब गेला. कॅमेऱ्यासमोर बसून, बोलत-बोलत खेळायला लागला. करोनाच्या काळात लाखो लोक त्याच्यामुळे या खेळाकडे वळले. जाणकार म्हणाले, गेला हा, आता तमाशा करतोय. २०२२ च्या फेब्रुवारीत तो दोन वर्षांहून जास्त खंडानंतर बर्लिनला संथ डाव खेळायला आला, तिथे जिंकला आणि त्यातून कँडिडेट्समध्ये पोचला. तिथल्या शेवटच्या फेरीत दुसऱ्या क्रमांकासाठी त्याला डिंग लिरेनविरुद्ध केवळ बरोबरी हवी होती. तो हरला. दुसरा डिंग आला. तेव्हा कुणाला फार वाटलं नाही, दुसऱ्या क्रमांकाला किंमत ती काय? पण काही दिवसांतच, जुलै २०२२ मध्ये, कार्लसनने जगज्जेतेपद राखायला खेळणार नाही असं जाहीर केलं. लढतीची ती रिकामी जागा डिंगला मिळाली आणि २०२३ मध्ये तो जगज्जेता झाला. एका बरोबरीच्या अंतरावर!

२०२४ मध्ये टोरांटोला पुन्हा तसंच. शेवटच्या फेरीत समोर आपला गुकेश, नाकामुराला जिंकणं भाग, आणि डाव बरोबरीत सुटला. गुकेश आव्हानवीर ठरला आणि त्याच वर्षी जगज्जेताही झाला. त्या रात्री मी गुकेशसाठी जागा होतो, हे उघड आहे. पण दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाकडेही अधूनमधून बघत होतो.

भाच्याने मला एक अट घातली आहे. रात्री खेळायचं तर पंधरा मिनिटांचा एकच डाव, आणि शेजारी खरा पट मांडून. स्क्रीनवर चाल करायच्या आधी ती पटावर करायची. पहिल्या रात्री मी घड्याळावर हरलो. अण्णाकाकांचा पट आहे हा, शिसवी, एका हत्तीचं टोक उडालंय. दुसऱ्या रात्री उंटाला बोट लागलं, चूक कळली, आणि बघायला कोणी नसताना तो उंट हलवला.