चॉपस्टिकचं जनुक

एप्रिल १९९०. 'जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन'मध्ये केनेथ ब्लम, अर्नेस्ट नोबल आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. मृत्यूनंतर जतन केलेले ७० मेंदू. निम्मे दारूचं व्यसन असलेल्यांचे, निम्मे इतरांचे. डोपामाइनशी संबंधित एका जनुकाचं 'ए-वन' नावाचं रूप व्यसनी गटात बरंच जास्त सापडलं. दारूचं जनुक मिळालं, अशी चर्चा सुरू झाली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने कळवलं की आम्हाला असा संबंध दिसत नाही. मग काही वर्षं हेच चाललं: कुणाला दिसे, कुणाला नाही.

१९९३मध्ये गेलर्न्टर, गोल्डमन आणि रिश यांनी सगळे अभ्यास शेजारी ठेवून तपासले. गोम अशी, की ए-वनचं प्रमाण मुळात प्रत्येक समूहात वेगळं असतं. जनुकाच्या दर १०० प्रतींमागे युरोपीय वंशात साधारण २०, पूर्व आशियात ४०च्या आसपास. आता व्यसनींच्या यादीत एका समूहाची माणसं जास्त आली आणि तुलनेच्या यादीत दुसऱ्या, तर जनुकाचा दारूशी काडीचा संबंध नसला तरी फरक दिसणारच. प्रोग्रॅम बरोबर, डेटा गंडलेला.

१९९४मध्ये लँडर आणि शॉर्क यांनी यावर झकास उदाहरण दिलं. सॅन फ्रान्सिस्कोत चॉपस्टिकने जेवता येण्याचं जनुक शोधायला गेलात, तर ते 'सापडेल'. कारण चिनी वंशाच्या लोकांत जास्त आढळणारं कुठलंही रूप तिथे हात वर करेल. चॉपस्टिक मात्र घरी शिकवतात.

उपायही निघाला: तुलना घरातच करा. आईवडिलांकडून मुलाकडे कोणतं रूप आलं आणि कोणतं मागे राहिलं, हे मोजलं की वंशाचा घोळ टळतो. ए-वनचा व्यसनाशी थोडासा संबंध नंतरच्या मोठ्या विश्लेषणांतही दिसतो, पण १९९०च्या मानाने अगदी किरकोळ. आणि २००४मध्ये कळलं, की तो बदल त्या जनुकात नाहीच. शेजारच्या 'एएनकेके-वन'मध्ये आहे!

हा घोळ कागदावर राहिला तर ठीक. पण एखाद्या समाजात ए-वन जास्त म्हणून 'यांच्या रक्तातच दारू' असं म्हणायला वेळ लागत नाही, आणि मग त्यांची गरिबी, त्यांच्या वस्तीतली दुकानं कुणी बघत नाही. आज थुंकीचा नमुना पाठवला की डीएनएचा रिपोर्ट फोनवर येतो. त्यात 'व्यसनाचा धोका' असं लाल अक्षरांत दिसलं, तर आधी विचारा: माझी तुलना नेमकी कुणाशी केली?