आकार ओळखणे म्हणजे नाव सांगणे नव्हे

बालवर्गाच्या भिंतीवर आकारांचा तक्ता असतोच. एक वर्तुळ, एक चौरस, एक आयत आणि पाया आडवा, टोक वर असलेला एक त्रिकोण. बाई छडी ठेवतात, मुले एका सुरात नाव घेतात आणि ‘आकार ओळखतो’ अशी नोंद प्रगतिपुस्तकात होते. यामागचा युक्तिवाद असा, की लहान मूल आकृती अखंड पाहते, बाजू-कोनांचा विचार त्याला पेलत नाही. म्हणून आधी एक ठसठशीत नमुना दाखवून नाव पक्के करावे, गुणधर्म पुढच्या इयत्तांसाठी ठेवावेत.

या पक्षाला भारदस्त आधारही सापडतो. पिएर व्हान हिले आणि दिना व्हान हिले-गेल्डोफ या डच शिक्षक दांपत्याने १९५७ साली आपल्या प्रबंधांत भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकृतीला तिच्या एकंदर रूपावरूनच ओळखते, असे ते सांगतात. पण त्यांची साक्ष इथेच तोडणे न्याय्य नाही. पुढच्या पायरीवर जाणे वयापेक्षा शिकवण्यावर अवलंबून असते, हेही त्यांचेच प्रतिपादन आहे. मूल मोठे होईपर्यंत थांबा, असे ते कुठेही म्हणत नाहीत.

आणि रूपावरूनच ओळखायचे, तर रूप एकच का दाखवायचे? पुठ्ठ्याचा लांबट, अरुंद त्रिकोण कापून टोक खाली करून मुलापुढे ठेवा. बरीच मुले म्हणतात, ‘हा उलटा झालाय,’ नाहीतर सरळ, ‘हा त्रिकोण नाही.’ चौरस कोपऱ्यावर उभा केला की त्याची शंकरपाळी होते. उलट बाजू फुगीर असलेली तीन टोकांची आकृती त्रिकोण म्हणून सहज खपून जाते. डग्लस क्लेमेंट्स, ज्युली सरामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करताना असेच घोटाळे दिसले. यात मुलाचा दोष मला दिसत नाही. आपण त्याला एकच त्रिकोण दाखवला, त्यावरून त्याने नियम बसवला.

सपाट आकार सोपे, म्हणून ते आधी, हाही समज तपासायला हवा. १८४० साली ‘किंडरगार्टन’ हे नाव देणाऱ्या फ्रोबेलने मुलाच्या हातात पहिल्यांदा लोकरीचा चेंडू दिला, मग लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. सपाट तबकड्या त्याच्या मांडणीत पुष्कळ नंतर येतात. मूल ज्या जगात वावरते ते घन आहे; कागदावरचा चौरस ही त्या घनाची एक बाजू.

मग शिकवायचे कसे? खराट्याच्या काड्या घ्या. चार-चार बोटांच्या दोन आणि दहा बोटांची एक दिली, तर टोके जुळतच नाहीत. मूल खटपट करते, वैतागते आणि शेवटी लांब काडी मोडून आखूड करते. त्रिकोणाच्या बाजूंचा नियम त्याच्या बोटांना तिथे कळतो. अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबने काडेपेटीतल्या काड्या जोडायची युक्ती देशभर पोहोचवली. काड्या मोठ्यांनी जोडून द्याव्यात. तसा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. हे पाहिलेल्या मुलाला ‘तीन बाजू’ घोकाव्या लागत नाहीत.

‘वर्गात तीस मुले, साहित्य कुठून आणायचे?’ ही अडचण खरी आहे. पण खराट्याच्या काड्यांना पैसे पडत नाहीत, आणि ‘हा त्रिकोण का नाही?’ या प्रश्नाला तर काहीच लागत नाही. ‘इथे उघडा आहे’, ‘ही वाकडी आहे’ असे चार वर्षांचे मूल म्हणते, तेव्हा ते गुणधर्मच सांगत असते.

नावे शिकवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. नावांवाचून बोलणार कशाने? बालवर्गाच्या शिक्षकांना विनंती एवढीच: तक्त्यावर आडवे, तिरके, उलटे, अरुंद त्रिकोणही काढा, शेजारी त्रिकोण नसलेल्या दोन-तीन आकृती काढा, आणि प्रगतिपुस्तकातली ती नोंद मुलाने ‘का’ सांगितल्यावरच करा.