विश्वकोशाचा उंबरठा

२ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. अर्धे पारितोषिक अमेरिकेच्या आर्थर ॲश्किन यांना मिळाले आणि उरलेले अर्धे फ्रान्सचे जेरार मुरू व कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड यांना विभागून. अशी बातमी आली की आपण सगळे जे करतो तेच लोकांनी केले, विकिपीडिया उघडला. मुरूंचे पान तिथे २००५ पासून होते. स्ट्रिकलंड यांचे पानच नव्हते.

कोणी लिहिले नव्हते असे मात्र नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एकाने त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा दाखल केला होता. मे महिन्यात तपासणाऱ्या स्वयंसेवकाने तो परत केला. दिलेल्या संदर्भांवरून या व्यक्तीवर स्वतंत्र लेख असावा असे सिद्ध होत नाही, असे कारण होते. ज्या कामाला नोबेल मिळाले, तो लेसरच्या स्पंदाला ताणून, वर्धित करून पुन्हा दाबण्याच्या तंत्राचा शोधनिबंध १९८५ सालचा. स्ट्रिकलंड तेव्हा रॉचेस्टर विद्यापीठात मुरूंच्या विद्यार्थिनी होत्या. म्हणजे ते काम छापून तेहतीस वर्षे झाली होती.

त्या स्वयंसेवकावर त्या आठवड्यात बरीच टीका झाली. पण हे प्रकरण एका माणसाच्या चुकीपुरते नाही. विश्वकोशात कोणाला घ्यायचे, हा प्रश्न विश्वकोशांइतकाच जुना आहे.

इंग्रजी विकिपीडियावर 'उल्लेखनीयता' ठरवण्याचा सर्वसाधारण नियम असा: त्या व्यक्तीविषयी, तिच्याशी संबंध नसलेल्या विश्वासार्ह लोकांनी, पुरेसे सविस्तर लिहिलेले असले पाहिजे. हा नियम आवश्यक आहे. तो नसेल तर उद्या प्रत्येक जण आपला परिचय स्वतःच लिहून मोकळा होईल, आणि हयात माणसांबद्दल निराधार मजकुराचा ढीग साचेल. पण प्राध्यापकांची अडचण अशी की त्यांच्याविषयी वर्तमानपत्रे लिहीत नाहीत. त्यांचे निबंध इतर संशोधक वाचतात, वापरतात, तळटीपेत नाव देतात आणि पुढे जातात. म्हणून विद्वानांसाठी वेगळे निकष केले गेले. आपल्या विषयावर ठळक प्रभाव, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मानाचा पुरस्कार, रॉयल सोसायटीसारख्या संस्थेचे सभासदत्व, विद्यापीठातले मानाचे अध्यासन, मोठ्या शैक्षणिक संस्थेचे किंवा विद्वत्सभेचे सर्वोच्च पद, प्रमुख नियतकालिकाचे मुख्य संपादकपद अशी ती यादी आहे. यांपैकी एक जरी पुरावा देऊन दाखवता आले तरी पुरते.

स्ट्रिकलंड २०१३ मध्ये ऑप्टिकल सोसायटी या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे नोबेलच्या पाच वर्षे आधीच त्या या निकषांत बसत होत्या. नियम त्यांच्या बाजूने होता, पण शेकडो मसुद्यांच्या रांगेत तो नेमका लावून पाहायला कोणी थांबले नाही. विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथरीन माहेर यांनी यावर लिहिले की विकिपीडिया जगाचाच आरसा आहे. जग ज्यांच्याविषयी लिहीत नाही, त्यांच्याविषयी तोही लिहू शकत नाही. हे बरेचसे खरे आहे, पण पुरते नाही. त्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांपैकी स्त्रियांची चरित्रे सुमारे १८ टक्के होती. पुढे २०२१ मध्ये फ्रान्सेस्का ट्रिपोडी यांनी केलेल्या अभ्यासात दिसले की वगळण्यासाठी पुढे केल्या जाणाऱ्या चरित्रांत स्त्रियांचे प्रमाण त्यांच्या एकूण वाट्यापेक्षा जास्त होते. आरसा थोडा वाकडाही आहे.

छापील कोशांचे तरी काय होते? ब्रिटनचा राष्ट्रीय चरित्रकोश १८८५ पासून निघू लागला. शतक उलटल्यावर, १९९३ मध्ये, त्याच्या संपादकांनी 'राहून गेलेली माणसे' अशा अर्थाच्या नावाचा एक स्वतंत्र खंडच काढला. त्यात हजारावर चरित्रे होती. आपल्याकडे कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले, आणि सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन चरित्रकोश रचले. कोणाला घ्यायचे हे तिथे एक-दोन माणसे आपल्या विद्वत्तेच्या बळावर ठरवत. त्यांच्या निवडीशी वाद घालता येई, पण अमुक एकजण का गळला हे विचारायची सोय नव्हती. विकिपीडियावर ती आहे. एखादे पान वगळायचे की ठेवायचे, यावर साधारण सात दिवस उघड चर्चा चालते, आणि तिथे मतांच्या संख्येपेक्षा युक्तिवाद आणि पुरावा मोजला जावा अशी अपेक्षा असते.

आता हीच कसोटी आपल्या एका माणसाला लावून पाहू. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, जन्म १९११. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटींवर प्रवेश मिळवला, काम करून दाखवले, आणि त्यानंतर त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे दाखवणारा तो प्रबंध होता. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा, कडधान्ये अशा गरिबांच्या अन्नावर संशोधन केले आणि अखेर तिथल्या संचालकही झाल्या.

समजा, १९७० मध्ये विकिपीडिया असता. रॉयल सोसायटी? नाही. मानाचे अध्यासन? नाही. मुख्य संपादकपद? नाही. मुंबईच्या एका सरकारी संस्थेचे संचालकपद 'सर्वोच्च पद' म्हणून चालेल का, यावर सात दिवस वाद झाला असता. मराठी घरांत थोरल्या दुर्गाबाई भागवतांचे नाव दुमदुमत होते. धाकट्या बहिणीचे नाव बहुतेकांना ठाऊक नव्हते. आज मात्र कमलाबाईंचे पान आहे, आणि २०२३ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्रही झळकवले. मधल्या काळात त्यांच्या संशोधनात काही भर पडली नव्हती. फक्त कोणीतरी त्यांच्याविषयी शोधून, बसून लिहिले होते.

मानव्यविद्यांत तर पंचाईत आणखी मोठी. एखाद्याच्या निबंधांचा किती ठिकाणी उल्लेख झाला, याचे आकडे वगळण्याच्या चर्चेत सर्रास फेकले जातात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना ते आकडे रोजचे आहेत, आणि ते एका विषयात फुगतात, दुसऱ्यात आक्रसतात, हेही रोजचेच आहे. रा. चिं. ढेरे यांना या मोजपट्टीवर उभे करा. त्यांनी मराठीत लिहिले, आणि मराठी पुस्तकांतल्या तळटीपा कोणतेही यंत्र मोजत नाही. 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून ते निकषांत बसतात. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. ज्यांना पुरस्कारही नाही आणि अनुवादकही मिळाला नाही, त्यांचे काय? नियमाप्रमाणे मराठी संदर्भ चालतात. पण ते वाचून दाखवणारे कोणीतरी त्या चर्चेत हजर असावे लागते.

परदेशात राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न अगदी जवळचा आहे. १९६५ मध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला. त्यानंतर आलेल्या पिढीतले कितीतरी मराठी प्राध्यापक आज ऐंशीच्या घरात आहेत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची त्यांची माहिती निवृत्तीनंतर निघून जाते. ते कोणत्या गावच्या शाळेत शिकले, संशोधनाची वाट त्यांना कशी सापडली, हे तर कुठेच नोंदलेले नसते. विकिपीडियावर थेट पान बनवायला जाणे ही इथे पहिली पायरी नव्हे. आधार नसेल तर ते टिकणार नाही, आणि नातेवाइकाने लिहिले तर संशयच वाढेल. आधी आधार तयार व्हायला हवा: विषयाच्या नियतकालिकात सहकाऱ्याने लिहिलेला मृत्युलेख, संपादक असलेल्या मासिकात तारखांसह छापलेला परिचय, कामाचे महत्त्व समजावून सांगणारा जाणकाराचा लेख. आपल्या मंडळांच्या स्मरणिकांत अशा माणसांवर मजकूर येतो, पण बहुधा फक्त गुणगौरवाचा; साल, संस्था, निबंधाचे नाव यांचा त्यात पत्ता नसतो. येत्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत असा एक तरी लेख सालांसह छापता येईल, आणि ज्यांच्यावर तो लिहायचा त्यांनाच विचारून तपशील तपासून घेता येतील. ती सोय फार वर्षे राहणार नाही.