एका पाटीची गोष्ट

आज दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट सांगतो. भिंतीवरच्या एका पाटीची.

14 ऑक्टोबर 1943. इंग्लंडहून निघालेली अमेरिकन बॉम्बर विमानं जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या बॉल बेअरिंग कारखान्यांवर चालली होती. राखणीला पी-47 थंडरबोल्ट फायटर होती, पण जर्मनीच्या सीमेजवळ इंधन पुरेना, म्हणून ती मागे फिरली. मग जर्मन फायटर तुटून पडली. एका दिवसात 60 बॉम्बर गेली. एकेकात साधारण 10 माणसं. हिशेब तुम्हीच करा.

यावर उपाय ठरलं पी-51 मस्टँग. ब्रिटिश बनावटीच्या डिझाइनचं मर्लिन इंजिन आणि पंखांखाली, रिकाम्या झाल्या की टाकून देता येतील अशा इंधनाच्या टाक्या. आता फायटर बर्लिनपर्यंत जाऊन परत येऊ शकत होतं. भारी विमान आलं आणि बाजी पलटली, असंच मीही बरीच वर्षं समजत होतो.

पण जानेवारी 1944 मध्ये आठव्या हवाई दलाची सूत्रं जनरल जिमी डूलिटल यांच्याकडे आली. फायटर विभागाचे प्रमुख विल्यम केपनर यांच्या ऑफिसात त्यांना एक पाटी दिसली. अर्थ असा, की बॉम्बरना सुखरूप परत आणणं हे फायटरचं पहिलं काम. डूलिटल यांनी ती काढायला लावली. आता पहिलं काम जर्मन फायटर संपवणं!

म्हणजे बॉम्बरला चिकटून उडायचं नाही. शत्रूला शोधा, पाठलाग करा, धावपट्टीवर उभा असला तरी सोडू नका. फायटर पायलट खूश झाले. बॉम्बरवाले मात्र हादरले. ते फायटरना ‘छोटे दोस्त’ म्हणायचे. आता हे दोस्त शिकारीला जाणार आणि आपण गळाला लावलेलं आमिष! 6 मार्चला बर्लिनच्या मोहिमेत 69 बॉम्बर गेली.

पण जर्मनीचंही कंबरडं मोडत होतं. कारखान्यांतून नवी विमानं निघत राहिली, मुरलेले वैमानिक कुठून आणणार? 6 जूनला दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीला उतरलं, तेव्हा वर जर्मन विमानं तुरळकच होती.

डूलिटल यांचा निर्णय मला बरोबर वाटतो. पण बॉम्बरच्या शेपटीत बसलेल्या गनरला हे तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नाही. तुमच्यात आहे? विचार करा, पुढच्या भागात भेटू.